जवाईबापूंचा रुसवा

जावई हा प्राणी रुसण्यासाठीच जन्माला येतो, असे आमच्या पैनगंगेकाठच्या गावांत सगळे धरून चालतात. लग्नाच्या पंगतीत त्याने ताटावरून हात मागे घ्यायचा, मान फिरवायची, सासऱ्याने धावत यायचे, काय हवे ते विचारायचे, आणि घड्याळ नाहीतर आंगठी हातात पडल्यावरच त्याने पहिला घास उचलायचा. या नियमाला आमच्या उभ्या मुलखात एकच अपवाद झाला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आमचे वडील कोटाच्या खिशात नवे घड्याळ घेऊन पंगतीच्या कडेला उभे होते. नवरदेव रुसेनात. त्यांनी वरण-भात कालवला, भुरका मारला आणि वाढप्याला म्हणाले, "भाऊ, तुमी जेवले का? मंग बसा न, मी वाढतो." वडिलांचा चेहरा पडला. मांडवामागे कुजबूज सुरू झाली. "पोरगा रुसत काऊन नाई? काई खोट तर नाई न त्याच्यात?" कोणी म्हणाले, दुसरे लग्न असेल. कोणी म्हणाले, कानाने कमी ऐकतो. शेवटी वडील स्वतः जाऊन हळूच म्हणाले, "जवाईबापू, जराशे रुसा. लोकं पाहून राह्यले." तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "मामाजी, मले राग आला तर मी खरंच रुसीन. उगंच काऊन रुसू?" घड्याळ तसेच आमच्या ट्रंकेत गेले. वडील जाईपर्यंत त्या घड्याळाचे दुःख करत होते.

हे जवाईबापू पेशाने मास्तर. नदीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या गावचे, पण नोकरी तेलंगणात लागली, आणि फिरत फिरत बदली झाली ती थेट आमच्या गावच्या मराठी शाळेवर. बहीण आणि ते आदिलाबादला राहत. ते रोज मोटारसायकलने गावात येत. सासुरवाडीच्या गावात मास्तर होणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. गावच्या लेकीचा नवरा हा साऱ्या गावाचा जावई. त्याला कोणी 'अरे' म्हणायचे नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचे नाही, आणि त्याने काहीही केले तरी त्याच्या अंगाला बोट लावायचे नाही. सरपंचापासून गुराख्यापर्यंत सगळे त्यांना जवाईबापूच म्हणत आणि म्हणून मीही. या मानाचा त्यांना मनस्वी कंटाळा. दुपारी ते आमच्या घरी भाकरी खायला येत आणि पाट-रांगोळी बाजूला सारून थेट चुलीपाशी फतकल मारत. "आई, भाकरी कोणं थापली? तुमी? मंग पहिले तुमी खा." आई संकोचाने मरायची. अधिक महिन्यात तिने चांदीच्या दिव्यासकट अनारशांचे ताट पुढे केले, तर त्यांनी ते ताट उचलून आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या हातात ठेवले आणि तिच्या पाया पडले. ती बिचारी भिऊन तीन दिवस कामाला आली नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी भांडी घासत त्यांच्या नावाने बोटे मोडत होतो.

पण त्यांचे खरे वेड म्हणजे रांग. जिथे रांग दिसेल तिथे ते उभे राहत, डोळे बारीक करून तिची दोन्ही टोके पाहत आणि मग खणखणीत आवाजात ओरडत, "पलटी!" पलटी म्हणजे रांगेने तोंड फिरवायचे, जो शेवटचा तो पहिला. शाळेत हे ठीक होते. पाण्याच्या टाकीशी, खिचडीच्या पातेल्याशी, कवायतीला, केव्हाही पलटी होई आणि पोरे किंचाळत फिरत. परंतु जवाईबापूंना शाळा आणि जग यांतली भिंत दिसत नसे. आदिलाबादच्या बसथांब्यावर एकदा त्यांनी पलटी पुकारली, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या एका पैलवान गड्याने त्यांची कॉलर धरून तेलुगूत जे सुनावले ते मला इथे लिहिता येणार नाही. रेशनच्या दुकानात त्यांनी पलटी केली तेव्हा दुकानदाराने शटरच ओढले. माझ्या लग्नात आहेर द्यायला उभ्या असलेल्या पाहुण्यांना त्यांनी पलटी केले, आणि माझे मावससासरे जे रागावले ते अजून आमच्याकडे येत नाहीत. मी चिडून विचारले, "जवाईबापू, तुमाले हे काय खूळ हाय?" ते शांतपणे म्हणाले, "पुढच्याले मागचं दिसत नाई रे. एकडाव मान फिरवली का दिसते."

हे खूळ त्यांच्या डोक्यात काकाजींनी भरले. काकाजी म्हणजे आमच्या भागाचे जुने पुढारी. आमच्याच गावाबाहेरच्या शेवटच्या गल्लीत जन्मलेले, दुसऱ्याच्या गोठ्यातल्या कंदिलाखाली शिकलेले, पुढे हैदराबादला जाऊन मंत्री झालेले. आता त्यांचा फोटो प्रत्येक शाळेत खिळ्याला टांगलेला असतो आणि जयंतीला त्याला हार पडतो, पोरांना लाडू मिळतो, कोणीतरी खुर्चीत बसून भाषण करतो आणि वर्षभराचे काम उरकते. जवाईबापूंना एका दिवसाचे काकाजी पुरत नसत. त्यांच्या शाळेत काकाजी बारा महिने राबत. गणितात काकाजी शेत मोजत, भूगोलात काकाजी पैनगंगा पोहून जात, विज्ञानात काकाजींना कावीळ होई. आणि पोरांना काय, त्यांच्या बापांना काय, हाक मारायची ती 'कांचनबाई, पाटी दाखवा', 'लक्ष्मणराव, तुमची लेक हुशार हाय' अशी. शेवटच्या गल्लीतल्या ज्या लक्ष्मणला साऱ्या गावाने जन्मभर 'लसम्या' म्हटले, तो स्वतःचे नाव असे ऐकून आधी मागे वळून पाहत असे, की हे लक्ष्मणराव कोण आले.

काकाजींची एक गोष्ट त्यांची फार आवडती. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली येतात ते रांगेने, आणि ती रांग मानाची असते. पहिला पाटलाचा बैल. मग ज्याचा त्याचा मान पाहून बाकीचे. शेवटच्या गल्लीतले बैल सगळ्यात शेवटी, तेही बाकीचे तोरणाखालून निघून गेल्यावर. काकाजी मंत्री झाले त्या साली पोळ्याला मोटारीने गावी आले. मोटार वेशीबाहेर सोडली, बापाच्या बैलांचा कासरा धरला आणि सगळी रांग ओलांडून पहिले तोरणाखालून गेले. कोणाची हिंमत झाली नाही. जवाईबापू हा प्रसंग वर्गात करून दाखवत. हाती झाडूचा कासरा, मागे बैल म्हणून दोन पोरे, दाराला आंब्याचे डहाळे. दारातून बाहेर पडले की छाती पुढे काढून म्हणत, "आन् त्या दिवसापासून काकाजींनं रांग मोडली!" भाषणांतही हेच वाक्य असे. खरी गोष्ट अशी होती की दुसऱ्या वर्षी काकाजी हैदराबादेत होते आणि रांग होती तशी लागली. हे आम्हा गावच्यांना ठाऊक होते. जवाईबापूंना नव्हते, कारण पोळ्याला शाळा बंद आणि ते नदीपलीकडे स्वतःच्या बैलांपाशी. इतकी वर्षे सासुरवाडीत काढून त्यांनी सासुरवाडीचा पोळा एकदाही पाहिला नव्हता. आणि भाषणातली गोष्ट खरी की खोटी, हे आमच्याकडे कोण सांगत बसतो!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत तान्हा पोळा सुरू केला. निर्मलहून रंगीत लाकडी बैल आणले, चाकांवर चालणारे, गळ्यात घुंगरू. मैदानात दोन बांबूंना तोरण. पोरांनी दोरीने बैल ओढत रांग लावली की जवाईबापू पहिल्याला जाऊ देण्याआधी एकदा तरी "पलटी!" म्हणणारच. पोरे काही बावळट नव्हती. दुसऱ्या वर्षी शिट्टी वाजताच सगळी मागच्या टोकाला पळाली. जो तो दुसऱ्याला पुढे ढकलतो, 'तू पहिला, तू पहिला' म्हणतो. पाटलाचा नातू लक्ष्मणच्या पोरीच्या मागे उभा राहायला धडपडतो आणि ती त्याच्या मागे जायला. तोरणापाशी कोणीच नाही आणि शेवटाला हा गोंधळ. जवाईबापू कमरेवर हात ठेवून हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला म्हणाले, "पाह्य, शेवटी उभं राहाले भांडून राह्यले. अशी रांग तू पाह्यली का कदी?" मी पाहिली नव्हती. इथवरची हकिगत मी पुष्कळांना रंगवून सांगतो. पुढची सांगत नाही.

लक्ष्मणची कांचन तेव्हा पाचवीत होती. काळीसावळी, किडकिडीत, बोलताना एक डोळा मिटणारी. तिने काकाजींची गोष्ट ऐकली ती होऊन गेलेली गोष्ट म्हणून नव्हे. तिने ती नियम म्हणून ऐकली. सारांनी, म्हणजे मास्तरांनी, सांगितले की रांग मोडली, म्हणजे मोडली. मग आपला बाप दरसाल शेवटी का उभा राहतो? तिने स्वतःशी उत्तर शोधले, की बाप शाळेत गेला नाही, त्याला नियम माहीत नाही. आणि त्या पोळ्याला तिने बापाला नियम समजावून सांगितला. लक्ष्मणने किती मानले आणि किती नाही, देव जाणे. परंतु ज्याला आयुष्यात एकाच माणसाने 'राव' म्हटले, त्याला त्या माणसाच्या शब्दावर एकदा विश्वास ठेवावासा वाटला असेल. त्याने बैलांची शिंगे लाल हिंगुळाने रंगवली, पाठीवर झूल टाकली आणि कासरा धरून तो रांगेच्या पुढे चालू लागला. कांचन सोबत होती. ती वाटेत थांबून थांबून लोकांना सांगत होती, "काकाजीनं रांग मोडली हाय, तुमाले मालूम नाई का?"

मी त्या दिवशी गावात होतो, म्हणून सांगू शकतो. कोणी आरडाओरडा केला नाही. पाटील फक्त हसले आणि म्हणाले, "लसम्या, पोरीले घरी ने." दोघा-तिघांनी बैलांची तोंडे धरून मागे वळवली, लक्ष्मणच्या हातातला कासरा काढून घेऊन त्याच्या गळ्यात टाकला, आणि वाजंत्री पुन्हा सुरू झाली. सगळ्यांना वाटले, मिटले. सकाळी लक्ष्मणच्या गोठ्यात उजव्या अंगाच्या बैलाचा मागचा पाय मोडलेला होता. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने मोडलेला, हे आंधळ्यालाही कळले असते. बैल उठायचा प्रयत्न करी आणि बसे. शिंगांचा हिंगूळ अजून ओला वाटत होता. पोलीस आले, पंच बसले, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच निघाले, की बैल घसरला. लक्ष्मणलाही तेच म्हणावे लागले. त्याने ते जमिनीकडे बघत म्हटले. आठवडा संपायच्या आत बैल मेला, आणि त्या घराला दुसरी जोडी घेणे या जन्मी शक्य नव्हते.

त्याच दिवशी शाळेत तान्हा पोळा होता. जवाईबापू नदीपलीकडून सरळ शाळेत आले, खुशीत, पिशवीत करंज्या घेऊन. त्यांना काहीच माहीत नव्हते. पोरे रांगेत नव्हती, पडवीत गप्प बसली होती. कांचन उठून त्यांच्यासमोर गेली. तिने विचारले, "सार, काकाजीनं रांग मोडली होती न?" ते म्हणाले, "हो, कांचनबाई." ती म्हणाली, "मंग ते परत कोणं जोडली?"

जवाईबापू तिथेच पायरीवर बसले. करंज्यांची पिशवी त्यांच्या हातातच राहिली. मग कोणीतरी त्यांना सगळे सांगितले, आणि ते उठून तडक पाटलांच्या ओसरीवर गेले. मी मागे धावलो. मला वाटले आज हाणामारी होणार, आणि मनातून, खरे सांगायचे तर, व्हावी असेही वाटत होते. त्यांनी पाटलांना नको ते बोलून घेतले. पाटलांनी ऐकून घेतले, आत वळून चहा सांगितला आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमी चपलेनं मारा आमाले. तुमी गावचे जावई. तुमाले कोणी बोट लावणार नाई." परत येताना जवाईबापू म्हणाले, "पाह्यलं? शिकवलं मी. पाय बैलाचा मोडला. मले चहा." त्या दिवसानंतर मी त्यांना पलटी पुकारताना ऐकले नाही.

डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींत औत फिरवायला, दोन बैल लागतात. एका बैलावर शेती होत नाही, म्हणून लक्ष्मणने कपाशीचा हंगाम सुरू होताच घर बंद केले, उरलेला बैल मेहुण्याकडे बांधला आणि बायकोपोरीला घेऊन भैंसा गावच्या जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे उचलायला गेला. शाळेत कांचनचे नाव राहिले. जवाईबापू रोज हजेरी घेताना 'कांचनबाई' म्हणत आणि थांबत. पोरे आपसूक थांबत. मग पुढचे नाव. नवा साहेब तपासणीला आला तेव्हा त्याने तेलुगूत विचारले, की जी मुलगी नाही तिच्यासाठी एवढा वेळ का? जवाईबापू म्हणाले, "शेवटच्या गल्लीतून याले टाइम लागते, सार."

पुढच्या पोळ्याला ते नदीपलीकडे गेले नाहीत. लक्ष्मण मेहुण्याकडचा बैल घेऊन सणापुरता गावी आला आहे, हे त्यांना कळले होते. दुपारी, बैल यायच्या आधी, ते धुतलेले धोतर नेसून, डोक्याला लग्नातला फेटा गुंडाळून आले आणि तोरणाच्या बरोबर खाली मांडी घालून बसले. लोक जमले. "जवाईबापू, हे काय करून राह्यले?" ते म्हणाले, "मी रुसलो."

गाव खो खो हसले. लग्नात न रुसलेला जावई केस पांढरे झाल्यावर रुसला! बायका पदर तोंडाला लावून बघायला आल्या. माझी आई मात्र हसली नाही. ती घाईघाईने घरी गेली, ट्रंक उघडली आणि वडिलांचे ते घड्याळ घेऊन धापा टाकत आली. "घ्या जवाईबापू, यांनी तुमच्यासाठीच ठेवलं होतं. घ्या आन् उठा." त्यांनी घड्याळ कपाळाला लावले आणि तिच्या हातात परत ठेवले. म्हणाले, "आई, हा रुसवा घरावर नाई. गावावर हाय. लक्ष्मणरावांचा बैल पहिला जाईन, तवाच मी उठीन. तोवर तुमच्या गावचं पाणी मले वर्ज्य." हसणे थांबले. पाटील पुढे आले, अदबीने खाली बसले. "आंगठी मांगा, देतो. गाडी मांगा, देतो. जावयाचा रुसवा ठेवत नाई आमी. पण हे नाई." जवाईबापूंनी मान फिरवली, जशी फिरवायची असते तशी.

मी लक्ष्मणला आणायला धावलो. तो गोठ्यात बैलापाशी उभा होता, दोन्ही हात बैलाच्या पाठीवर. मी सांगितले तशी त्याने बैलाची मान कवेत घेतली. "नोको भाऊ. सारांचे पाय धरतो मी. हा एक राह्यला हाय माहा, हा वाचू द्या. सारांले कोणी हात लावत नाई. मले लावते." कांचन दारात बसली होती. मी परत गेलो तोवर गावाने आपला मार्ग काढला होता. जावयाला उठवायचे नाही, त्याला दुखवायचे नाही. त्यांनी मारुतीच्या देवळापुढे दुसरे तोरण बांधले. रांग तिकडे लागली. पाटलाचा बैल पहिला गेला. वाजंत्री, पोळ्याच्या झडत्यांची गाणी, पोळा फुटल्यावर बैलांची धावपळ, सगळे आम्हाला ऐकू येत होते. रुसलेला जावई रिकाम्या तोरणाखाली बसून होता, आणि ज्या बैलासाठी बसला होता तो बैल येणार नव्हता. मी त्यांना लक्ष्मणचे बोलणे सांगितले. ते म्हणाले, "बराबर बोलला तो. माह्या हिमतीचे पैसे त्यानं काऊन भरावे?" सांजेला बहीण आदिलाबादहून आली आणि हात धरून त्यांना घेऊन गेली.

रुसवा मात्र उतरला नाही. रुसलेल्याने न मनवता घास घ्यायचा नसतो, आणि या माणसाने पहिल्यांदाच मागितलेला मान अखेरपर्यंत पाळला. नोकरीची उरलेली वर्षे ते आदिलाबादहून डबा आणि पाण्याची बाटली आणत आणि शाळेच्या कंपाउंडला टेकून जेवत. उन्हाळ्यात बाटली संपली तरी गावच्या टाकीकडे पाहत नसत. आमच्या घरी येत, आईच्या पाया पडत, चुलीपाशी तसेच फतकल मारत, पण भाकरीला हात लावत नसत. आई भाकरी थापता थापता रडायची. ती म्हणे, "माह्या घरचं काय चुकलं, जवाईबापू?" ते म्हणत, "तुमचं घर गावात हाय न, आई." मला त्यांचा फार राग येई. सत्तरी ओलांडलेल्या बाईला रडवून जगाचा न्याय कसा होणार, असे मी एकदा बोलूनही दाखवले. ते वाळत चालले होते. बहीण म्हणायची, ते जेवतात कमी आणि चावतात जास्त.

ते रिटायर झाले तेव्हा गावाने शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठेवला. गावजेवण होते. काकाजींच्या फोटोखाली खुर्ची, खुर्चीवर शाल आणि नारळ. पाटलांनी भाषण केले, "आमच्या काकाजींनी रांग मोडली आन् आमच्या जवाईबापूंनी ते शिकवण घराघरात नेली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जवाईबापू खुर्चीवर बसले नाहीत. पंगत बसली तेव्हा ते बाहेर पडले, आमच्या घराच्या ओट्यावर आले आणि आपला डबा उघडू लागले. मी आणि आई शेजारी उभे. तेवढ्यात लक्ष्मण आला, आणि त्याच्या मागे एक उंच पोरगी, दोन वेण्या, होस्टेलचा युनिफॉर्म. बोलताना तिने एक डोळा मिटला, तेव्हा मी ओळखले. ती भैंशाला शिकत होती. तिच्या एका हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती आणि दुसऱ्या हातात तांब्या.

"सार," ती म्हणाली, "तुमचा रुसवा काढाले आली मी."

जवाईबापूंनी वर पाहिले. "कांचनबाई, रुसवा गावावर हाय. गावानं काढाले पायजे."

"मंग मी कोण हाव?" ती म्हणाली. "मी बी गावच हाव न? का आमची गल्ली गावात नाई?"

त्यांचा डबा उघडाच राहिला. लक्ष्मण हळूच म्हणाला, "घ्या न सार. पोरीनं सकाळी थापली." कांचन खाली बसली आणि रीतीप्रमाणे तिने विचारले, "काय मांगता, बोला." जवाईबापूंचा आवाज मला ओळखू आला नाही इतका बारीक आला. "तू इचारलं होतं, रांग परत कोणं जोडली. मले अजून नाई सांगता येत, माय. मी अर्धीच गोष्ट शिकवली तुमाले. मापी दे." कांचनने भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला आणि चावत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते त्यांनी पुसले नाही. इतक्या वर्षांत त्यांनी गिळलेला तो आमच्या गावचा पहिला घास.

आई हे सगळे पाहत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि लगबगीने आत जाऊन ताट घेऊन आली. "आता भाजी वाढू न, जवाईबापू?" ते म्हणाले, "पहिले कांचनबाईले. लक्ष्मणरावाले. मंग मले." आमच्या ओट्यावर, आमच्या ताटात, त्या गल्लीतले कोणी आजवर जेवले नव्हते. आईचा हात थांबला. मी तो थांबलेला पाहिला, कांचननेही पाहिला. मग आई आत गेली आणि आणखी दोन ताटे घेऊन आली.

जवाईबापू आता आदिलाबादला असतात. कान खरेच गेले आहेत, त्यामुळे लग्नातली ती कुजबूज अखेर खरी ठरली म्हणायची. पोळ्याला आमच्या गावी पाटलाचाच बैल पहिला जातो, यंदाही गेला. लक्ष्मणने बैल घेतला नाही, तो भैंशालाच राहतो. काकाजींच्या फोटोला हार पडतो. मला कधी कधी वाटते की या माणसाने आयुष्यभर केले तरी काय, तर एक घास नाकारला आणि एक घास घेतला. मला त्यांची फार आठवण येते, समोर बसलेले असले तरी येते.

शाळेत आता नवीन सार आले आहेत, खम्ममकडचे, मराठी जेमतेम समजणारे. परवा ते मला रस्त्यात भेटले आणि तक्रार करू लागले. म्हणाले, तुमच्या गावची पोरे विचित्र आहेत. त्यांना रांग लावा म्हटले की एकही पुढे उभे राहत नाही. सगळी मागे पळतात, लहान पोरेसुद्धा, ज्यांनी जुन्या सारांना पाहिलेदेखील नाही. विचारले तर सांगता येत नाही, नुसती हसतात. "ये अइसा काय को करते?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, मालूम नाही, आणि घरच्या वाटेला लागलो.